पाटीवरची अक्षरं

गेल्या पावसाळ्यात बाबांना विरार स्टेशनच्या पुलावर धाप लागली. ‘गर्दीमुळे झालं असेल’ म्हणून त्यांनी दोन दिवस काढले. तिसऱ्या रात्री त्यांना आडवं झोपता येईना. तीन उशा पाठीशी घेऊन ते भिंतीला टेकून बसले, तेव्हा आईने मला उठवलं. सकाळी आम्ही मनवेलपाड्याच्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्याखाली उभे होतो. जिना चढायच्या आधी बाबांना जरा दम खायचा होता. समोर डॉक्टरांची पाटी होती, ती आम्ही दोघं वाचत होतो.

पाटीवर नाव, नावाखाली ‘एमबीबीएस, एमडी (मेडिसिन)’, त्याखाली ‘कन्सल्टिंग फिजिशियन’, मग नोंदणी क्रमांक. सर्वात खाली, वेगळ्या रंगात, तीन हॉस्पिटलांची नावं. मी फोन काढून नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकत होतो. बाबांचं लक्ष खालच्या तीन नावांवर होतं. ते म्हणाले, “हा अटॅच कुठे आहे, ते बघ आधी.”

मी सॉफ्टवेअरवाला. माझ्या दृष्टीने नोंदणी क्रमांक जुळला की विषय संपला. बाबा परळच्या चाळीत, केईएमच्या भिंतीला लागून वाढलेले. १९९४ साली आमचं बिऱ्हाड विरारला आलं, पण डॉक्टर मोजायचं त्यांचं माप अजून परळचंच आहे. शिवाय त्यांच्या प्रश्नाला एक कारण होतं. २०१८ साली आजोबांना ताप येऊन शुद्ध हरपली. तेव्हाच्या डॉक्टरांनी त्यांना हायवेजवळच्या एका हॉस्पिटलात हलवायला सांगितलं. त्या हॉस्पिटलाच्या रिसेप्शनमागच्या यादीत त्याच डॉक्टरांचं नाव होतं. आजोबा चार दिवस आयसीयूत होते, पाचव्या दिवशी गेले. कदाचित कुठेही नेलं असतं तरी गेलेच असते. पण तिथेच नेण्याचा निर्णय आजाराने घ्यायला लावला की त्या यादीने, हे आम्हाला कधीच कळलं नाही. बाबांना ते अजून टोचतं.

त्या जिन्याखाली आम्ही एकाच पाटीच्या दोन वेगवेगळ्या ओळींवर विश्वास ठेवू पाहत होतो. नंतरच्या काही महिन्यांत मी या दोन ओळींचा इतिहास शोधत बसलो. तो वाटला होता त्यापेक्षा बराच जुना निघाला.

अक्षरं कुठून आली

आजारी माणसाची एक अडचण कायमची असते. समोरच्याला खरंच काही येतं का, हे त्याला तपासता येत नाही. गावात ती अडचण ओळखीने सुटते. वैद्य कोणाचा मुलगा, कोणाकडे शिकला, त्याच्या हाताला गुण आहे का, हे सगळ्या गावाला माहीत असतं. शहरात ती ओळख नसते. मग कोणीतरी तिसऱ्याने येऊन ‘याला येतं’ असं सांगावं लागतं.

आपल्या भागात हे काम सरकारने हाती घेतल्याचं एक जुनं उदाहरण गोव्यातलं आहे. १६१८ साली गोव्याच्या नगरसभेने ठरवलं की मुख्य वैद्याकडे परीक्षा दिल्याशिवाय कोणी वैद्यकी करू नये. स्थानिक वैद्यांची संख्याही तीसवर बांधून टाकली. रुग्णाची काळजी हे त्यामागचं एक कारण झालं. दुसरं असं की पोर्तुगीजांनाही आपल्या वैद्यांची औषधं हवी असायची आणि युरोपीय वैद्यांना ती स्पर्धा नको होती. त्या काळी वसईसुद्धा पोर्तुगीजांच्याच ताब्यात होती, पार १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत. परवाना रुग्णाला वाचवतो आणि परवानाधारकाचा धंदाही वाचवतो. ही दोन्ही कामं तो पहिल्यापासून एकाच वेळी करत आला आहे.

इंग्रजी वैद्यकाची अक्षरं आली ती १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून. ज्यांच्या नावाने ते उभं राहिलं ते गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट १८३८ मध्येच वारले होते. शेजारी जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून जेजे हॉस्पिटल उभं राहिलं. १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली, आठ जणांची. त्यांत रामकृष्ण विठ्ठल लाड होते, ज्यांना आपण भाऊ दाजी म्हणून ओळखतो, आणि पुढे प्रार्थना समाजाच्या स्थापनेत पुढाकार घेणारे आत्माराम पांडुरंग होते. मुंबई विद्यापीठ अजून जन्मलं नव्हतं. ते आलं १८५७ मध्ये. त्यामुळे या आठ जणांच्या नावापुढे कॉलेजचीच अक्षरं लागली: जीजीएमसी, म्हणजे ‘ग्रॅज्युएट ऑफ द ग्रँट मेडिकल कॉलेज’. भायखळ्याच्या राणीच्या बागेशेजारचं भाऊ दाजी लाड म्युझियम तुम्ही पाहिलं असेल. ज्या माणसाचं नाव त्याला दिलं आहे, त्याच्या पाटीवर ही चार अक्षरं होती.

अक्षरं आली, पण कोणती खरी आणि कोणती घरी बसून लावलेली, हे सांगणारी यादी नव्हती. इंग्लंडमध्ये अशी यादी १८५८ च्या कायद्याने सुरू झाली. हिंदुस्थानात हे पाऊल सर्वांत आधी मुंबई प्रांताने उचललं. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने मेडिकल कौन्सिल आणि डॉक्टरांचं रजिस्टर आलं. त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स स्थापन झालं आणि त्याच्या परीक्षांतून ‘एलसीपीएस’ ही अक्षरं गावोगावी पोचली. तुमच्या घरातल्या ऐंशीच्या पुढच्या कोणाला विचारा, ‘एलसीपीएस डॉक्टर’ त्यांना नक्की आठवेल.

त्या काळच्या व्यावसायिक आचारसंहितेतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रजिस्टरमधल्या डॉक्टरने रजिस्टरबाहेरच्या माणसाशी भागीदारी केली, त्याला आपल्या नावाचं छत्र दिलं, तर तो गैरवर्तनाचा ठपका ठरू शकत होता. वैद्य आणि हकीम तेव्हा रजिस्टरबाहेरच होते. त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला तो १९३८ मध्ये. म्हणजे ‘तू काय शिकलास’ याच्याइतकाच ‘तू कोणासोबत बसतोस’ हा प्रश्न डॉक्टरला तेव्हापासून विचारला जात होता. पण तो विचारला जायचा व्यवसायाच्या अब्रूसाठी. रुग्णाचा खिसा त्यात कुठेच नव्हता.

अक्षरांची किंमत कोण ठरवणार, यावरही भांडणं झाली. १९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यातून १९३३ चा कायदा आणि आपली अखिल भारतीय मेडिकल कौन्सिल आली. या नव्या कौन्सिलच्या कक्षेत पदवीधर घेतले, एलसीपीएससारखे परवानाधारक बाहेर ठेवले. गंमत अशी की खेड्यापाड्यांत रुग्ण तपासणारे बहुतेक तेच होते. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर असा हिशेब आहे. त्याच समितीच्या शिफारशीनंतर छोटे अभ्यासक्रम हळूहळू बंद पडले आणि एमबीबीएस ही किमान पायरी झाली. १९५६ चा कायदा, १९६५ चा महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल कायदा, २०२० पासून मेडिकल कौन्सिलच्या जागी आलेला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, हे त्याच रस्त्यावरचे पुढचे टप्पे.

आज आपल्या कौन्सिलच्या बऱ्याच नोंदणी क्रमांकांत आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक असतो. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी नव्या शिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट दाखवायचे. मला हे फार आवडलं. सिस्टीम चांगली आहे. प्रत्येक डॉक्टरला एक ‘की’, आणि ती कोणालाही तपासता येते.

‘औषधात एमडी’ म्हणजे काय

आईचा प्रश्न मात्र वेगळा होता. “मेडिसिनमध्ये एमडी म्हणजे औषधात एमडी. मग बाकीचे डॉक्टर काय देतात, प्रसाद?”

तिचं चूक नाही. फिजिशियनला बोली मराठीत शब्दच नाही. सर्जन कापतो, हाडांचा डॉक्टर हाडं जोडतो. फिजिशियन काय करतो? सरकारी मराठीत त्याला ‘भिषक’ म्हणतात, पण विरारमध्ये कोणी रिक्षावाल्याला ‘भिषकाकडे घे’ असं सांगून बघावं. लोक ‘एमडी डॉक्टर’ म्हणतात, किंवा नुसतं ‘मोठा डॉक्टर’.

या शाखेचं ‘इंटर्नल मेडिसिन’ हे नाव जर्मनीतून आलं. १८८२ साली वीसबाडेनमध्ये ‘अंतर्गत वैद्यका’ची पहिली परिषद भरली. त्याच वर्षी रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. काळ असा होता की आजाराची कारणं प्रयोगशाळेत सापडू लागली होती, आणि रुग्णाच्या खाटेशी बसणाऱ्या डॉक्टरला रसायन, जंतू, शरीराचं आतलं काम हे सगळं एकत्र बांधावं लागत होतं. १८९२ मध्ये विल्यम ऑस्लर यांचं पाठ्यपुस्तक आलं आणि इंग्रजी जगात ही पद्धत रुजली. आपल्याकडे असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया १९४४ मध्ये स्थापन झाली. तिचं पाठ्यपुस्तक १९६९ मध्ये निघालं, तेव्हा संपादक होते मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील.

बाबांची धाप हे या शाखेचं नमुनेदार कोडं होतं. धाप हृदयामुळे लागते, फुप्फुसामुळे लागते, मूत्रपिंड थकल्याने लागते, रक्त कमी झाल्याने लागते, नुसत्या भीतीनेही लागते. यातलं काय हे ठरवायचं, आणि कोणाकडे पाठवायचं की नाही पाठवायचं, तेही ठरवायचं. एमबीबीएसनंतर तीन वर्षं वॉर्डात रात्री जागवून शिकतात ते मुख्यतः हे ठरवणं. आणि ‘कोणाकडे पाठवायचं’ हा त्याच्या कामाचाच भाग असल्याने, पाटीवरची खालची ओळ फिजिशियनच्या बाबतीत जास्त नाजूक होते.

संलग्नतेची गोष्ट

ती खालची ओळही लंडनहून आली. तिथल्या धर्मादाय हॉस्पिटलांत नावाजलेले डॉक्टर पगाराशिवाय गरिबांना तपासत. त्या मानाच्या जागेमुळे नाव होई, आणि त्या नावावर पैसेवाले रुग्ण त्यांच्या खासगी खोल्यांत येत. मुंबईत हीच पद्धत ‘ऑनररी’ म्हणून रुळली. सकाळी हॉस्पिटलात राउंड आणि विद्यार्थ्यांना शिकवणं, संध्याकाळी स्वतःच्या कन्सल्टिंग रूममध्ये फी.

पण जेजेच्या वरच्या जागा दीर्घकाळ इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हातात होत्या. परदेशातून एमडी, एमआरसीपी करून आलेल्या हिंदी डॉक्टरांकडे अक्षरं होती, जागा नव्हती. म्हणून सेठ गोवर्धनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी मेडिकल कॉलेजसाठी पैसे देताना अट घातली की शिकवणारे हिंदीच असतील आणि ते सरकारी नोकर नसतील. १९२६ मध्ये परळला महापालिकेचं केईएम उघडलं ते या अटीसह. पहिले डीन जीवराज मेहता लंडनचे एमडी होते. पुढे १९६० मध्ये ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. ‘केईएमला अटॅच’ या शब्दांना बाबांच्या मनात जे वजन आहे, त्याच्या तळाशी ही लढाई आहे. बाबांना ती ठाऊक नाही, पण वजन मात्र पोचलं.

या व्यवस्थेने काय दिलं, याचं एक उदाहरण वर आलेले डॉ. वकीलच आहेत. लंडनहून शिकून आलेले, केईएमला फिजिशियन. १९४९ साली त्यांनी सर्पगंधा या आपल्याकडच्या मुळीचा उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष त्या औषधाकडे गेलं. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. अशा डॉक्टरचं नाव हॉस्पिटलाला मोठं करायचं आणि हॉस्पिटलाचं नाव डॉक्टरला.

पण तो डॉक्टर विरारहून लांब होता. विरारची गंमत बघा. १२ एप्रिल १८६७ रोजी मुंबईची पहिली उपनगरी गाडी सुटली ती विरारहून, बॅकबेपर्यंत. म्हणजे लोकलच्या इतिहासात आपण पहिलं स्टेशन आहोत आणि आरोग्याच्या इतिहासात शेवटचं. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. गंभीर आजार म्हणजे ‘मुंबईला नेणं’, हे इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरारची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. माणसं परळ-लालबागहून आली, हॉस्पिटलं तितक्या वेगाने आली नाहीत. आली ती बहुतेक खासगी आणि छोटी. मग डॉक्टर मुंबईतल्या हॉस्पिटलचं नाव पाटीवर घेऊन आले. मी एकदा स्टेशनपासून घरापर्यंतच्या पाट्या मोजल्या. अकरा पाट्यांपैकी सातांवर दहिसरच्या पलीकडच्या कुठल्या ना कुठल्या हॉस्पिटलाचं नाव होतं, ‘माजी’ लावून किंवा न लावता. चर्चगेटपासून जितकं लांब जावं तितकं ते नाव जड होत जातं.

दरम्यान त्या ओळीचा अर्थ बदलला. ऑनररी डॉक्टर हॉस्पिटलला वेळ द्यायचा आणि बदल्यात नाव घ्यायचा. आजचा ‘व्हिजिटिंग कन्सल्टंट’ बऱ्याच ठिकाणी हॉस्पिटलला रुग्ण देतो. एका डॉक्टरची तीन-चार ठिकाणी नावं असतात आणि त्यात वावगं काही नाही. छोट्या हॉस्पिटलाला पूर्णवेळ फिजिशियन परवडत नाही, म्हणून चार हॉस्पिटलं मिळून एक वाटून घेतात. रुग्णाचीही सोय होते. अडचण इतकीच की त्या नात्याच्या अटी काय आहेत, हे रुग्णाला दिसत नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर अडखळला. डॉक्टरांचं रजिस्टर आहे. खासगी हॉस्पिटलांचंही आहे, १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्यापासून. २०२१ च्या सुधारित नियमांनी तर रुग्णहक्कांची सनद लावणंही सक्तीचं केलं. म्हणजे दोन टेबलं तयार आहेत. पण कोणता डॉक्टर कुठे, कोणत्या अटीवर बसतो हे सांगणारं, दोघांना जोडणारं तिसरं टेबल रुग्णापुढे कधी आलंच नाही.

महाडचा पत्ता

हे नातं बिघडतं तेव्हा त्याला आपल्याकडे ‘कट’ म्हणतात. रुग्ण पाठवला, तपासणी पाठवली, तर त्यातला हिस्सा पाठवणाऱ्याला. २००२ च्या आचारसंहितेने हे स्पष्ट मना केलं आहे. तरी २०१३ साली महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा चेक आला. रुग्ण पाठवल्याबद्दल. त्यांनी तो परत केला आणि मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली.

बावस्कर हेही एमडी मेडिसिन. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे, एमबीबीएस नागपूरचं, एमडी पुण्याच्या बीजेचं. सत्तरच्या दशकात ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान मुलं दगावत होती. विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनालिनचं वादळ उठतं, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. हे त्यांनी रुग्णांशेजारी रात्र-रात्र बसून, नोंदी ठेवत मांडलं. उलट्या, दरदरून घाम, गार हातपाय या धोक्याच्या खुणांवरचा त्यांचा निबंध १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, आणि प्राझोसिन हे स्वस्त औषध उपयोगी पडतं हे १९८६ मध्ये, तिथेच. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ७० रुग्णांवरची चाचणी आली, त्यावर पत्ता महाडच्या त्यांच्याच हॉस्पिटलचा. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अक्षरं तीच, एमबीबीएस, एमडी. पाटीवर मुंबईचं कोणतंच नाव नसलेल्या या डॉक्टरच्या नोंदी लॅन्सेटला घ्याव्या लागल्या. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “महाडला असतो होय?” त्यांच्या मापात हा माणूस बसत नव्हता.

कटविरोधी कायद्याचा मसुदा राज्य सरकारने २०१७ मध्ये तयार करून घेतला होता. त्याचा कायदा झाला नाही.

पुन्हा जिन्याखाली

२००२ च्या त्याच आचारसंहितेत पाटीबद्दलही नियम आहे. पाटी अवाजवी मोठी नसावी. तिच्यावर नाव, मान्यताप्राप्त पदव्या, उपाधी, विशेष शाखा आणि कौन्सिलच्या नावासह नोंदणी क्रमांक, एवढंच असावं. कोणत्या हॉस्पिटलला संलग्न, हे या यादीत नाही. म्हणजे बाबा ज्या ओळीवर विसंबून होते ती नियमाच्या यादीबाहेरची, आणि मी ज्या ओळीवर विसंबून होतो ती नियमातली. पण यावरून मी जिंकलो असं म्हणता येत नाही. माझी ओळ सांगत होती की वर बसलेल्या माणसाला वैद्यक येतं. आजोबांच्या वेळच्या डॉक्टरांचा क्रमांकही आता शोधला तर रजिस्टरमध्ये जुळतो. बाबांचा प्रश्न दुसराच होता. पाठवायची वेळ आली तर हा माणूस कोणाच्या बाजूने विचार करेल, असं ते विचारत होते. त्यासाठी त्यांच्याकडे तेवढी एकच ओळ होती.

त्या सकाळी आम्ही वर गेलो. डॉक्टर चाळिशीचे असतील. किती उशा लागतात, रात्री लघवीला किती वेळा उठता, हे त्यांनी विचारलं. पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला आणि पडलेला खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते बघत बसले. ईसीजी काढला. मग म्हणाले, “हृदयाचं पंपिंग कमी झालेलं वाटतंय. टू-डी इको करायला लागेल. पाणी उतरवायची गोळी आजपासून सुरू करा. आत्ता ॲडमिट व्हायची गरज नाही, पण रात्री त्रास वाढला तर सकाळची वाट बघायची नाही.”

बाबांनी आडवळणाने विचारलंच नाही. “इको तुमच्या त्या खालच्या पाटीवरच्या हॉस्पिटलात करायचा का?”

मला कानकोंडं झालं. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. “तिथे मी मंगळवारी-शुक्रवारी जातो. इको कुठेही करा, दोन दिवसांत करा म्हणजे झालं. केईएमला करणार असाल तर रांगेची तयारी ठेवा.” चिठ्ठीवर त्यांनी तपासणीचं नाव लिहिलं. केंद्राच्या नावाची जागा रिकामी होती.

एका रिकाम्या जागेवरून सगळ्या डॉक्टरांबद्दल काही सिद्ध होत नाही, त्या एका डॉक्टरबद्दलही पुरतं होत नाही. बाबांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. जिना उतरताना ते मध्येच थांबले. मला वाटलं पुन्हा धाप लागली. ते म्हणाले, “तो नंबर बघत होतास ना मघाशी, जुळला का?”

“जुळला.”

“बरं,” असं म्हणून ते पुढच्या पायरीवर उतरले.